आधी जळजळ की आधी धडधड?

तीन वर्षांपूर्वीचा मार्च. बँकेत वर्षअखेरीची गडबड, घरी यायला रोज साडेआठ-नऊ, आणि एका रात्री दीड वाजता मी छाती दाबून पलंगावर उठून बसले. छातीच्या मधोमध आग, घशाशी आंबट पाणी, आणि हृदय इतकं धडधडत होतं की ठोके कानात ऐकू येत होते. वाटलं, संपलं सगळं. ह्यांनी गाडी काढली. दवाखान्यात ईसीजी झाला, रक्त तपासलं, तीन तासांनी पुन्हा तपासलं. सगळं नॉर्मल. पहाटे घरी सोडताना सांगितलं, "पित्त आहे, टेन्शन घेऊ नका." सोबत गोळ्यांची एक स्ट्रिप.

आठवड्याच्या आत तीच रात्र पुन्हा आली. टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षभरात डॉक्टरांकडून, समुपदेशक बाईंकडून आणि स्वतःच्या वहीतून जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, या वाटेवरून गेलेली आहे. तुमची ही पहिली-दुसरीच वेळ असेल तर वरून खाली वाचा, मधूनच सुरू करू नका. पहिली पायरी चुकवून चालत नाही.

सगळ्यात आधी: हृदय नाही ना?

छातीतली जळजळ आणि हृदयविकाराचा झटका यांची गल्लत आपल्याकडे दोन्ही बाजूंनी होते. माझ्यासारखी घाबरलेली बाई पित्ताला झटका समजते, आणि "गॅस झालाय, सोडा पितो नि झोपतो" म्हणणारा माणूस झटक्याला पित्त समजतो. दुसरी चूक जिवावर बेतते. म्हणून नियम साधा ठेवा. छातीत दाबल्यासारखं किंवा आवळल्यासारखं होत असेल, दुखणं डाव्या हातात, खांद्यात, पाठीत किंवा जबड्यात सरकत असेल, दरदरून घाम येत असेल, धाप लागत असेल, किंवा जिना चढताना दुखून थांबल्यावर कमी होत असेल, तर घरी अंदाज बांधत बसू नका. सरळ १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्यांत, बायकांत आणि वयस्कर माणसांत झटक्याची लक्षणं पुष्कळदा पुसट असतात: नुसती मळमळ, पोटाच्या वरच्या भागात जडपणा, कधी नव्हे एवढा थकवा. अँटासिडने बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे, असंही समजू नका. आणि दवाखान्यात काही तासांनी पुन्हा रक्त तपासतात ते ट्रोपोनिनसाठी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनासाठी; ते वाढायला काही तास लागतात. "एकदा तर नॉर्मल आलंय" म्हणून उठून येऊ नका.

जळजळीची चाल वेगळी असते. ती जेवणानंतर, वाकल्यावर, आडवं पडल्यावर वाढते, छातीच्या हाडामागून घशाकडे चढते, सोबत करपट ढेकर आणि तोंडात आंबट-कडू पाणी आणते.

हृदय निर्धोक निघालं तरी काही खुणा दिसल्या की पोटाच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं: घास अडकणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, डांबरासारखी काळी शी (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, चालू असतील तर तसं सांगा), उलटीत रक्त, सतत उलट्या, रक्त कमी होणं, किंवा आयुष्यात कधी नव्हता तो त्रास पन्नाशीनंतर सुरू होणं. यांपैकी काही असेल तर खालचे उपाय करत वेळ घालवू नका.

आत काय चालतं

आपण या सगळ्याला 'पित्त' म्हणतो आणि तिथेच थोडा घोळ होतो. यकृतात तयार होणारं हिरवट पिवळं पित्त वेगळं, अंगावर गांधी उठतात ते पित्त आणखी वेगळं. छाती जाळतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल. जठर रोज साधारण दीड-दोन लिटर पाचकरस तयार करतं. आम्ल असणं हा आजार नाही, ते वर येणं हा त्रास. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली जाताना ते सैल होतं, एरवी आवळलेलं राहतं. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, म्हणजे श्वासपटल, त्याच जागी या कड्याला बाहेरून आधार देतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, श्वासाच्या व्यायामात तिचं काम आहे.

काळजी लागली की श्वास छातीतल्या छातीत आणि भराभर चालतो, हवा गिळली जाते, ढेकरा येतात आणि ढेकरांबरोबर आम्ल. पोटाचे स्नायू ताठ होतात, जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. शिवाय काळजीतला माणूस जेवण पुढे ढकलतो, चहावर चहा पितो, तंबाखूची किंवा सिगारेटची सवय असेल तर ती वाढवतो, नीट झोपत नाही. हे सगळं मला थोडंफार कळण्यासारखं होतं.

जे कळलं नव्हतं ते वेगळंच. काळजीने आम्ल वाढलंच पाहिजे असं नाही, असलेल्या आम्लाची आग जास्त लागते. १९९३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात जळजळीच्या रुग्णांना मुद्दाम ताण येईल अशी कामं दिली. त्यांनी जळजळ वाढल्याचं सांगितलं, पण अन्ननलिकेतलं आम्ल मोजलं तर ते वाढलेलं नव्हतं. भाजलेल्या बोटाला कोमट पाणीसुद्धा चटका देतं, तसं हे आहे. पाणी तेवढंच गरम, बोट हुळहुळं झालेलं. झोप कमी झाली तरी अन्ननलिका अशीच हुळहुळी होते.

म्हणून "तुझ्या मनाचं आहे" हे वाक्य ऐकून खचून जाऊ नका. आग खरी असते. ती कशामुळे तीव्र झाली, एवढाच प्रश्न असतो. आणि उलटा प्रवासही तितकाच खरा आहे: नुसतं उशिरा जेवल्याने आम्ल वर आलं, छातीत जळलं, छातीत काहीतरी होतंय म्हणून जीव घाबरला, हृदय धडधडू लागलं, श्वास वर चढला आणि त्याने जळजळ आणखी वाढली. रात्री दीड वाजता या चक्राचं टोक सापडत नाही. ते दिवसा शोधायचं असतं.

वही: दोन आठवडे, एकच प्रश्न

शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका, रात्री तो हातात आला की लक्षणं शोधण्यात पहाट होते. प्रत्येक त्रासाच्या वेळी जेवण किती वाजता आणि काय, आडवं कधी पडलात, त्या दिवशी मनाला काय लागलं, हे लिहा, आणि शेवटी एक रकाना ठेवा: 'आधी काय?' आधी जळजळ झाली आणि मग घाबरायला झालं, की आधी धडधड झाली आणि मग जळजळ? माझ्या वहीतल्या दोन नोंदी तशाच देते.

"मंगळवार. जेवण ९.४०, वांग्याचं भरीत, दोन भाकऱ्या, ठेचा. ११ ला आडवी. १.१५ ला जाग, घसा आंबट. आधी जळजळ. धडधड पाच-सात मिनिटांनी."

"गुरुवार. जेवण ७.३०, वरण-भात. ठीक. ११.३० ला साहेबांचा मेसेज, उद्या ऑडिट. पोटात गोळा. ११.५० ला छातीत आग. आधी धडधड."

वरवर दोन्ही रात्री सारख्याच होत्या, आग तीच, भीती तीच. पण मंगळवारचा उपाय स्वयंपाकघरात होता आणि गुरुवारचा श्वासात. मी दोन्ही रात्री एकच गोळी घेतली होती आणि गुरुवारी ती का लागू पडत नाही म्हणून अधिकच घाबरले होते. चौदा दिवसांनी मोजलं तर माझ्या नोंदी जवळपास निम्म्या-निम्म्या निघाल्या. तुमच्या कदाचित एकाच बाजूला झुकतील. जास्त वजन ज्या बाजूला, तिथून सुरुवात करा.

जळजळ आधी असेल तर: जेवणाचं घड्याळ

काय खायचं यापेक्षा कधी खायचं, याने मला जास्त फरक पडला. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास. नोकरीमुळे लवकर जेवणं जमत नसेल तर संध्याकाळी सहाला डब्यातली पोळी-भाजी पोटभर खा आणि घरी आल्यावर थोडासा मऊ भात. जेवणाचं ओझं रात्रीवरून संध्याकाळवर सरकवायचं.

आपल्या घरांतली एक खास अडचण म्हणजे संकष्टी. दिवसभर उपास, त्यात साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, तीन-चार कप चहा, मग चंद्रोदयाची वाट बघत कधी नऊ तर कधी साडेनऊ, आणि मग नैवेद्याचं साग्रसंगीत ताट आणि तासाभरात अंथरूण. माझ्या वहीत चतुर्थीची रात्र कधी चुकली नाही. मी उपास सोडला नाही. दुपारी राजगिऱ्याची लाही आणि दूध, चहा एकच, आणि चंद्रोदयानंतर वरण-भात आणि एक मोदक, बाकीचे सकाळी. त्या रात्री निजायला बारा वाजले तरी चालतील, पण जेवून लगेच आडवं पडायचं नाही.

सकाळी रिकाम्या पोटी चहा ही दुसरी अडचण. आधी काहीतरी खा, मग चहा. तळण, फार तिखट, चॉकलेट, पुदिना, दारू, तंबाखू, मिसरी यांनी अनेकांचा त्रास वाढतो, पण सगळ्यांचा सगळ्याने वाढत नाही. वहीत जे सापडेल तेवढंच सोडा. काळजीत असलेल्या माणसाला पदार्थ वगळत जायची सवय फार लवकर लागते. मीही महिनाभर नुसत्या पेज आणि मऊ भातावर होते, वजन चार किलोने उतरलं, आणि वजन उतरलं म्हणून आणखी घाबरले.

घरगुती उपायांबद्दल: थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण दूधच पुढे आम्ल वाढवतं. कोकम सरबत पित्तावर म्हणून देतात, पण कोकम आंबट आहे, आणि घसा आधीच सोलवटला असेल तर त्याने चुरचुरतं. खायचा सोडा आणि फसफसणारी पावडर यांत सोडियम भरपूर असतं, रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी त्याची सवय लावून घेऊ नये.

झोपताना डोक्याकडचे पलंगाचे पाय विटा लावून सहा-आठ इंच उचला. उशांवर उशा रचल्या तर मान वाकते, पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपा, त्या कुशीवर आम्ल वर यायला अवघड जातं. परकराची नाडी, पँटचा पट्टा, पोट आवळणारं काहीही सैल करा.

धडधड आधी असेल तर: श्वास

श्वासपटल त्या कड्याला आधार देतं म्हटलं होतं ना? पोटाने घेतलेला संथ श्वास दोन कामं करतो. मन शांत होतं आणि श्वासपटलाची ती पकडही सुधारते. जळजळीच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासांत नियमित सरावाने त्रास आणि गोळ्यांची गरज दोन्ही कमी झालेली दिसली आहे.

शिकायचं असं. दुपारी, पोट हलकं असताना पाठीवर झोपा, गुडघे वर घ्या. एक हात छातीवर, एक बेंबीच्या वर. नाकाने श्वास घ्या, मनात चार आकडे. खालचा हात वर उचलला गेला पाहिजे, वरचा जागच्या जागी. मग ओठ किंचित उघडे ठेवून, गरम चहावर फुंकर घालतो त्याच्या निम्म्या जोराने, सहा आकडे मोजत सोडा. पोट आपोआप खाली बसेल. खेचू नका, ढकलू नका. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. पहिल्या तीन-चार दिवसांत छातीच हलेल, पोट ऐकणार नाही. माझं आठव्या दिवशी जमलं, पोटावर मुलाची कंपासपेटी ठेवून, तिच्या आतली पेन्सिल खुळखुळते का बघत. चक्कर आली तर तुम्ही फार खोल श्वास घेताय, हलका करा. एकदा झोपून जमलं की बसून करा, मग बसमध्ये, मग जेवण झाल्यावर खुर्चीत ताठ बसून. जेवल्यावर मात्र आडवं पडून नको.

कपालभाती हा याला पर्याय नाही. त्यात पोटाला झटके बसतात आणि दाब वाढतो. जळजळ चालू असेपर्यंत मी ती थांबवायला सांगेन, सर्वांगासन आणि हलासनही.

हा सराव बरं वाटत असताना करायचा. आग लागल्यावर विहीर खणून पाणी मिळत नाही.

रात्री दीड वाजता

उठून बसा. पाय खाली सोडा, फरशीचा गारवा तळव्यांना लागू द्या. आधी पहिल्या पायरीतल्या धोक्याच्या खुणा आठवा: घाम, धाप, हातात किंवा जबड्यात सरकणं, दाब. एक जरी असेल तरी उपाय नको, दवाखाना. एकही नसेल तर स्वयंपाकघरात चालत जा. पेलाभर साधं पाणी घोट घोट प्या. डॉक्टरांनी अँटासिड जेल सांगितलं असेल तर ते घ्या. मग खुर्चीत ताठ बसून चार-सहाचे वीस श्वास. नाडी मोजू नका. बोट मनगटावर गेलं की ठोका वाढतो, मी हे इतक्यांदा केलं आहे की शेवटी मनगटाला घड्याळ बांधून झोपायचे, बोटाला जागा मिळू नये म्हणून. ऑक्सिमीटर आणि बीपीचं मशीन कपाटात वर ठेवा, डॉक्टरांनी मोजायला सांगितलं नसेल तर.

वीस श्वासांनी आग विझत नाही, पण धडधड उतरते. धडधड उतरली की पुढच्या वीसेक मिनिटांत आगही पुष्कळदा कमी होत जाते. वहीत दोन ओळी लिहा आणि डोक्याकडून उचललेल्या पलंगावर, डाव्या कुशीवर आडवे व्हा.

गोळ्या

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या नाश्त्याआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात. जेवून झाल्यावर किंवा आग लागल्यावर घेतली तर तिचा खरा उपयोग होत नाही. पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. औषधांच्या दुकानातून महिनोन्महिने स्वतःच आणत राहू नका. फार दिवस घेतल्याने ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. आणि पँटोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन असलेली जोडगोळी सर्रास मिळते, तर डॉम्पेरिडोन काही जणांच्या हृदयाचा ताल बिघडवू शकतं. धडधडीचा त्रास असणाऱ्याने ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

गोळी बंद करतानाची एक गोष्ट मला आधी कळली असती तर एक महिना वाचला असता. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी काहीही त्रास नसलेल्या माणसांना आठ आठवडे अशी गोळी दिली. बंद केल्यावर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना जळजळ सुरू झाली. दाबून ठेवलेलं आम्ल काही दिवस उसळी मारतं, एवढंच ते असतं. मी मात्र आजार उलटला म्हणून रडले आणि गोळी पुन्हा सुरू केली. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

पित्ताने डोकं दुखतं म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेणं म्हणजे जठराला आणखी त्रास. हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून थांबवू नका.

दुर्बिणीची तपासणी नॉर्मल, अन्ननलिकेतलं आम्ल मोजलं तर तेही नॉर्मल, तरी जळजळ, असं झालं तर त्याला डॉक्टर फंक्शनल हार्टबर्न म्हणतात. हे खरं निदान आहे. त्यात आम्लाच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, नसांची संवेदना कमी करणारी, एरवी नैराश्यावर देतात ती औषधं अगदी कमी मात्रेत देतात. चिठ्ठीवर ते नाव बघून डॉक्टरांनी आपल्याला वेड्यात काढलं असं समजू नका. उलट, काळजीसाठी किंवा झोपेसाठी आधीच काही चालू असेल तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवा, कारण त्यातली काही औषधं ते कडं सैल करतात. बदल त्यांनाच करू द्या.

भीतीची भीती

घड्याळ, श्वास, गोळी सगळं बसलं, तरी 'आज रात्री पुन्हा झालं तर?' हा विचार संध्याकाळपासून पाठ सोडत नसेल, बाहेर जेवायला, प्रवासाला जायचं टाळत असाल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. विचार आणि वागणं यांवर काम करणारी उपचारपद्धती, सीबीटी, यासाठी चांगली आहे. माझ्या बाईंनी पहिल्या भेटीत वहीच मागितली होती. जवळ कुणी नसेल तर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ती २०२२ साली सुरू झाली. "मला छातीत जळजळ होते आणि मग फार भीती वाटते," एवढं एक वाक्य सुरुवातीला पुरतं.

घरच्यांसाठी थोडं. "काही नाही होत, झोप" आणि "चल, दवाखान्यात जाऊ" या दोन्हींनी भीती वाढते. पहिल्याने एकटं वाटतं, दुसऱ्याने खरंच काहीतरी भयंकर झालंय असं. धोक्याच्या खुणा नसतील तर शेजारी बसा, पाठीवर हात ठेवा, पोटाने श्वास चाललाय का बघा. ह्यांनी ते शिकून घेतलं. आता रात्री मी उठले की ते दिवा लावतात, घाम आहे का, हात दुखतोय का विचारतात, आणि दोन्हीला नाही म्हटलं की वही उशाखालून काढून विचारतात, "आधी काय झालं?"